पिकअपला वाजणारी गाडी आणि घाईने खोललेले इंजिन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी सरला की मराठवाड्यातल्या गॅरेजांत एक तक्रार रोज ऐकू येते : "पिकअप घेताना गाडी वाजते." तिला उत्तरेही ठरलेली दोनच. "इंजिन गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल," नाहीतर "हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळं." दोन्ही उत्तरे कधीमधी खरी ठरतात, पण ती तपासून दिलेली नसतात. पहिल्या उत्तरापायी चांगले इंजिन खोलले जाते. दुसऱ्यापायी मालक गप्प बसतो, आवाज तसाच राहतो आणि एक दिवस पिस्टनची कड वितळते. खरे तर इंजिनला पाना लावण्याआधी तास-दीड तासात, फारसा खर्च न करता, पुष्कळ काही कळू शकते. ते वाचकांपर्यंत जावे म्हणून हा पत्रप्रपंच.

"वाजते" हा शब्द एक, पण आवाज वेगवेगळे. पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा बारीक, कोरडा 'टरटर-टिणटिण' आवाज चढाला किंवा ओव्हरटेक करताना आला आणि पाय उचलताच थांबला, तर ते पेट्रोल इंजिनचे नॉकिंग. लाकडी ठोकळ्यावर हातोडी पडावी तसा जड 'ठकठक' आवाज खालून, चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) बाजूने आला आणि रेस वाढवली तशी त्याची गती वाढली, तर संशय बेअरिंगवर. गाडी सुटताना किंवा गिअर बदलताना एकदाच 'धप्प' झाले, तर इंजिन माउंटिंग किंवा लोअर आर्मचा बुश. वळताना 'टकटकटक' आले, तर एक्सलचा जॉइंट. वरून शिवणयंत्रासारखी 'टिकटिक' येत असेल, तर टॅपेट किंवा गळका एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारी नळी). यांतल्या एकाच, बेअरिंगच्या, आवाजासाठी इंजिन उतरवावे लागू शकते. बाकीच्यांसाठी उतरवणे म्हणजे मालकाच्या पैशाची नासाडी आहे.

ओळखायचे कसे? गाडी आधी पंधरा-वीस मिनिटे चालवून पूर्ण गरम करावी. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, रेस हळूहळू २५०० आरपीएमपर्यंत (इंजिनचे मिनिटाला फेरे) न्यावी आणि एकदम सोडावी. नॉकिंग उभ्या गाडीत सहसा येत नाही, कारण इंजिनवर लोड नसतो. बेअरिंगचा ठोका मात्र इथेही येतो, आणि रेस सोडतानाच्या क्षणी तो अधिक स्पष्ट होतो. मग मोकळ्या रस्त्यावर, शेजारी लांब कंपाउंडची भिंत असेल अशा जागी, काचा खाली करून तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटरवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. भिंतीवरून आवाज परत येतो तेव्हा तो कोणत्या बाजूचा ते कळते. आता तोच वेग दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावा. आरपीएम वाढल्यावर आवाज नाहीसा झाला, तर नॉकिंगच. आरपीएमबरोबर वाढला, तर इंजिनच्या आतले काहीतरी. आरपीएमशी नाते नसून चाकाच्या वेगाशी असेल, तर इंजिनला हात लावायचे कारणच नाही.

नॉकिंगमध्ये नेमके होते काय, ते समजले की पुढचे उपाय आपोआप पटतात. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. तिच्यापुढे दाबले गेलेले, तापलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकले, की दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. आपल्याला ऐकू येतो तो त्या आदळण्याचा आवाज, साधारण ६ ते ८ किलोहर्ट्झचा, म्हणून तो टिणटिण लागतो. म्हणजे कारणे तीनच गटांत मोडतात : इंजिन जास्त तापते, मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आहे, किंवा ठिणगी त्या पेट्रोलला झेपेल त्यापेक्षा लवकर पडते. कार्बन यांत भर घालतो, कारण पिस्टनच्या डोक्यावर बसलेला थर जागा अडवून कॉम्प्रेशन वाढवतो आणि उष्णता धरून ठेवतो.

आपल्या भागात पहिला संशय उष्णतेवरच घ्यावा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर, एसी चालू, लग्नाला निघालेली माणसे सीटपेक्षा जास्त, आणि ॲव्हरेज मिळावा म्हणून ४० च्या वेगाला पाचवा गिअर. अशी गाडी कन्नडच्या घाटात किंवा मांजरसुंब्याच्या चढाला वाजली, तर ती बिघडलीच आहे असे नाही. एक गिअर खाली घ्या, आरपीएम २००० च्या वर ठेवा. आवाज गेला तर आधी सवय बदला. पण सपाट रस्त्यावर, दोन माणसांतही वाजत असेल, तर बॉनेट उघडा आणि कूलंटपासून (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवापासून) सुरुवात करा.

इथे आपल्याकडची एक जुनी खोड मोडायला हवी. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतायचे. मराठवाड्यातले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. ज्या पाण्याने तांब्या-कळशीच्या आत पांढरा थर चढतो, तेच पाणी हेडच्या (सिलिंडरवर बसणाऱ्या भागाच्या) आतल्या बारीक वाटांतही थर चढवते. हा थर उष्णता अडवतो. काट्यावर तापमान ठीक दिसते, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीचा भाग तापून असतो आणि तिथेच नॉकिंग सुरू होते. अशा इंजिनचा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून पाहा : त्याच्या स्प्रिंगवर खडूसारखी पांढरट-तांबूस पूड असते आणि झडप अर्धवट अडकलेली असते. मग दुसरी चूक होते : "उन्हाळ्यात याची गरज काय" म्हणत थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. त्याने इंजिन हिवाळ्यात आणि लांबच्या रस्त्यावर थंड राहते, इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतो आणि कार्बन साचतो. तोच कार्बन पुढच्या उन्हाळ्यात नॉकिंग घेऊन येतो.

कूलंट बदलायची रीत सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडा, खालचा नळ सोडून पाणी काढा. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, वरचा होस गरम होऊन पंखा एकदा फिरेपर्यंत इंजिन चालवा, बंद करून थंड होऊ द्या आणि पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे दोन-तीनदा करा. लहान गाडीत एकूण साधारण ४ ते ६ लिटर मावते, त्यात निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी. तयार मिसळून येणाऱ्या कूलंटमध्ये मात्र पुन्हा पाणी घालू नका, डब्यावर लिहिलेले वाचा. रेडिएटरचे झाकणही तपासा. ०.९ ते १.१ बार दाब धरणारे झाकण असले की आतले पाणी १०० ऐवजी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्याचे रबर कडक झाले असेल तर नवे झाकण टाका. या एका स्वस्त वस्तूपायी अख्खे हेड वाकल्याचे प्रकार घडतात.

पुढची तपासणी प्लगची, आणि ती शांतपणे करावी. चारही प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडा. हलका तपकिरी रंग चांगला. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे त्या सिलिंडरमध्ये उष्णता जास्त किंवा मिश्रण पातळ. काळा आणि तेलकट ओला म्हणजे ऑइल वर येते, आणि ऑइल जळाले की पेट्रोलची नॉक सोसण्याची ताकदही कमी होते. पांढऱ्या पोर्सिलिनवर मिऱ्याची पूड शिंपडल्यासारखे ठिपके दिसले आणि भिंगाखाली ते चमकले, तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. मग गाडी त्याच दिवशी थांबवावी. एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा : इंजेक्टर अडकलेला किंवा तिथले इनटेक मॅनिफोल्डचे (हवा आत नेणाऱ्या नळीचे) पॅकिंग हवा खेचणारे. चारही पांढरे असतील तर दोष सगळ्यांचा सामाईक : गाडीतल्या पेट्रोल पंपाचा दाब, फिल्टर किंवा सेन्सर. नवे प्लग घेताना कंपनीने सांगितलेलाच हीट नंबर (प्लग उष्णता किती लवकर सोडतो तो आकडा) घ्यावा, "जास्त गरम" प्लग नॉकिंगला आमंत्रण देतो. फट मॅन्युअलप्रमाणे ठेवावी, बहुतेक गाड्यांत ती ०.८ ते १.१ मिलिमीटर असते. प्लग सैल राहिला तर त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही, म्हणून टॉर्क पान्यानेच आवळावा.

स्कॅनर आज तालुक्याच्या गावीही मिळतो, पण बहुतेक वेळा त्याने फक्त कोड पुसले जातात. त्याचा खरा उपयोग चालत्या गाडीतले आकडे पाहण्यात आहे. कूलंटचे तापमान पाहा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतो तो आकडा) पाहा : तो अधिक १० टक्क्यांच्या वर असेल तर कॉम्प्युटर पातळ मिश्रण भरून काढायला धडपडतो आहे. आयडलला (रेस न देता) ट्रिम जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर कुठेतरी हवा आत शिरते : फुटका व्हॅक्यूम पाइप, मॅनिफोल्डचे पॅकिंग. उलट लोडवर ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडते : पंप थकला, फिल्टर चोंदला किंवा इंजेक्टर चिकटले. साध्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा आणि गेज लावून मोजावा, अंदाजाने पंप बदलू नये.

पी ०३२५ ते पी ०३२८ यांपैकी कोड आला तर नॉक सेन्सर किंवा त्याची वायर पाहा. हा सेन्सर ब्लॉकवर बोल्टने बसवलेला असतो, धक्का ओळखतो, आणि त्याच्या इशाऱ्यावर कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो. तो बसवताना खालची जागा गंज-रंग काढून स्वच्छ करावी, वॉशर घालू नये, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, साधारण २० न्यूटन-मीटरला, आवळावा. जास्त आवळला तरी तो धक्का नीट ओळखत नाही. उंदराने वायर कुरतडल्याचे प्रकार आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा नवा सेन्सर घेण्याआधी वायर हाताने चाचपावी.

आता इथेनॉल. इथेनॉल न मिसळलेल्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक (नॉक सोसण्याची ताकद सांगणारा आकडा) ९१, शुद्ध इथेनॉलचा १०८ च्या आसपास, आणि २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलचा (ई-२०) ९५ च्या घरात. म्हणजे इथेनॉलने नॉकिंग वाढत नाही, उलट ते दबते. हे नीट सांगायला हवे, कारण लोक खरे कारण सोडून पंपावर राग काढत बसतात. मात्र दोन बाबतींत काळजी खरी आहे. ई-२० ला पेट्रोलच्या मानाने हवा कमी लागते : १४.७ भाग हवेऐवजी १३.५ च्या आसपास. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हा फरक भरून काढते, कार्ब्युरेटरची जुनी गाडी काढत नाही. तिचे मिश्रण पातळ होते आणि ती तापते. ज्या गाडीचा पंप आधीच थकलेला आहे, तिचेही पूर्ण लोडवर तेच होते. दुसरे पाणी. इथेनॉल पाणी धरते, आणि प्रमाण वाढले की इथेनॉल पाण्यासह तळाला बसते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन मग घसरतो. संशय असेल तर टाकीतले थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून, ज्योत-बिडीपासून लांब, पंधरा मिनिटे स्थिर ठेवा. ते गढूळ दिसले किंवा दोन थर झाले, तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल. आणि सोपी परीक्षा हवी असेल, तर टाकी जवळपास रिकामी असताना जास्त ऑक्टेनचे प्रीमियम पेट्रोल भरून त्याच चढाला गाडी न्या. आवाज स्पष्ट कमी झाला तर ते नॉकिंगच. याला उपाय मात्र समजू नका. कारण शोधायचे बाकीच राहते.

टर्बो पेट्रोल गाड्यांचे वेगळे. त्यांत कमी आरपीएमला एकदम दाबले तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटून एकच जबर ठोका बसतो आणि पिस्टनची कडी तुटू शकते. अशा गाडीत एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी किंवा त्यानंतरच्या दर्जाचेच ऑइल घाला. एसपी दर्जा २०२० साली आला तो इतर कारणांबरोबर याही कारणासाठी.

खालून येणाऱ्या जड ठोक्याकडे आता वळू, कारण खरे नुकसान तिथे आहे. पहिले काम डिपस्टिक पाहणे. खालच्या-वरच्या खुणांत बहुतेक लहान गाड्यांत साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर गाडी चालू करू नका. ऑइल स्वच्छ पांढऱ्या कापडावर घेऊन उन्हात धरा. तांबूस-रुपेरी चकाकी दिसली तर बेअरिंगचा थर सुटला आहे. मग ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे गेज लावा आणि गरम इंजिनवर मोजा. आयडलला १ बारच्या आत आणि ३००० आरपीएमला ३ बारच्या बरेच खाली असेल, तर मॅन्युअलशी ताडून पाहावे. कोणत्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचे (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग गेले, हे कळायला इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काही सेकंद काढावा. ज्याचा काढल्यावर ठोका दबतो, तो दोषी. कॉइलचा कनेक्टर काढू नये, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तो तापतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावूनही जागा कळते, फक्त पट्टा आणि पंखा सांभाळावा. थंड इंजिनला ठोका आणि पाच मिनिटांत तो गेला, तर तो पिस्टनचा सैलपणा. त्यावर गाडी बराच काळ चालते.

बेअरिंग जाण्याचे एक कारण आपल्या पाणंद रस्त्यांत दडलेले आहे. चेंबरला दगड लागतो, ऑइल गळत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण आत ऑइल ओढणारी जाळी चेंबरच्या तळापासून काही मिलिमीटरवरच असते. पोचा आत आला की तिचे तोंड बंद होते, आणि नेमके जोरात पिकअप घेताना ऑइल कमी पडते. गाडी रॅम्पवर घेऊन पोचा पाहा. असल्यास चेंबर उतरवून सरळ करा किंवा बदला, जाळी पेट्रोलने धुवा. हे काम इंजिन न उतरवताही बहुतेक गाड्यांत होते, आणि त्याच वेळी बिग एंडची (रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) टोपी खोलून बेअरिंग डोळ्यांनी पाहता येते. प्लॅस्टिगेजची (दाबल्यावर पसरणाऱ्या मऊ प्लॅस्टिकची) दोरी ठेवून फट मोजावी. लहान पेट्रोल इंजिनांत ती ०.०२ ते ०.०६ मिलिमीटरच्या दरम्यान असते. क्रँक मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय नुसते नवे बेअरिंग घालणाऱ्याला नको म्हणा. ओरखडे असलेल्या क्रँकवर ते फार दिवस टिकत नाही. ताणाचे (एकदाच आवळायचे) बोल्ट असतील तर तेही नवे.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात अनेक गाड्या पाण्यात राहिल्या. त्यांच्या मालकांनी हे विशेष वाचावे. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेले असताना स्टार्टर मारला, तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी नंतर चालूही होते, पण एका सिलिंडरचा पिस्टन पूर्ण वर येत नाही. कॉम्प्रेशन मोजा. बाकी तिघांत १२ आणि एकात १० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असा फरक निघाला, तर त्या सिलिंडरमध्ये अर्धा चमचा ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा फारसा वाढला नाही, तर रिंग ठीक आहेत. व्हॉल्व्हची गळती तपासूनही काही सापडले नाही, तर रॉड वाकल्याचा संशय पक्का धरा. असा रॉड महिनोन् महिने चालून एक दिवस तुटतो आणि ब्लॉक फोडतो.

माउंटिंगची परीक्षा दोघांनी करावी. हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडावा, मग रिव्हर्समध्ये तसेच. दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन पाहावे, समोर किंवा मागे कधीही उभे राहू नये. इंजिन दोन बोटांहून जास्त उसळले तर रबर फाटले आहे. एक्सलसाठी चाकाची आतली बाजू पाहा. रिमवर काळे ग्रीस गोल उडालेले असेल तर बूट फाटला. नुसता बूट वेळेत बदलला, ग्रीस नवे भरले, तर जॉइंट वाचतो. धूळ गेल्यावर जॉइंटच बदलावा लागतो. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या जीपगाड्यांत गिअर टाकताना 'टक्' येत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हाताने हलवून पाहावा.

डिझेल इंजिन मुळातच खडखडते, तेव्हा आवाज बदलला का ते पाहा. फिल्टरचे पाणी काढा, मग सगळ्या इंजेक्टरांची रिटर्न गळती बाटल्या लावून मोजा. एकाची बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तोच काढा, चारही नव्हे. सीएनजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त, त्यामुळे गॅसवर नॉकिंग सहसा नसते. गाडी गॅसवर शांत आणि पेट्रोलवर वाजत असेल, तर बाहेरून बसवलेल्या किटचा टायमिंग ॲडव्हान्सर पेट्रोलवरही चालू राहतो आहे का, ते आधी पाहा.

एक विनंती गॅरेजवाल्या बांधवांना. इंजिन खोलण्याआधी जॉब कार्डवर पाच आकडे लिहून मालकाला द्या : कूलंटचे तापमान, फ्युएल ट्रिम, ऑइल प्रेशर, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि कोणत्या आरपीएमला आवाज येतो तो. मालकांनीही हे मागून घ्यावे आणि काढलेले जुने भाग घरी न्यावेत. आणि जुनी गाडी घेताना एवढे पाहा : ठोका दाबायला बाजारात २०डब्ल्यू-५० सारखे जाड ऑइल घालतात. डिपस्टिकवरून ते मधासारखे सावकाश ओघळत असेल, तर सौदा करण्याआधी गाडी चांगली तापवा, ऑइल प्रेशर मोजून घ्या आणि रेस २५०० वर नेऊन एकदम सोडा.

आपला,
एक वाचक (मोटार मेकॅनिक), परभणी